कासव उत्तरेला, कचरा ओढ्याला

पुणे-सातारा महामार्गावर नसरापूर-कापूरहोळच्या पट्ट्यात कामथडी लागतं. म्हणजे पूर्वी गाव लागायचं, आता आधी पाट्या लागतात. ‘निसर्गाच्या कुशीत’, ‘डोंगराच्या सान्निध्यात’, ‘शंभर टक्के वास्तुशास्त्रानुसार’, ‘एनए प्लॉट, बँकेचं कर्ज उपलब्ध’. पाटीवर हिरवागार डोंगर छापलेला असतो. मागचा खरा डोंगर दिसत नाही, कारण मध्ये पाटी आहे.

या पाट्या वाचून पुण्याहून माणसं येतात आणि गुंठ्याच्या हिशेबानं शांतता विकत घेतात. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तेवढ्यात बंगला, लॉन, झोपाळा, गाडीची शेड आणि मनःशांती हे सगळं बसवायचं असतं. मनःशांतीला बहुधा जागा उरत नाही. मग सल्लागार बोलवावा लागतो.

पूर्वी एकच सल्लागार पुरायचा. होकायंत्र घेऊन यायचा, स्वयंपाकघर आग्नेयेला नाही म्हणून मान हलवायचा, संडास ईशान्येला आहे म्हणून कपाळाला हात लावायचा आणि पाकीट घेऊन जायचा. आता घरटी दोन लागतात. एक फेंगशुईवाले, ते वस्तू आणायला सांगतात. दुसऱ्या माइंडफुल ऑर्गनायझिंगवाल्या मॅडम, त्या वस्तू टाकायला सांगतात. दोघांची फी भरून झाली की घर होतं तसंच राहतं, बँकेतलं ओझं तेवढं कमी होतं. यालाच मिनिमलिझम म्हणत असावेत.

कायद्याचा म्हणाल तर काही अडसर नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचे, साताऱ्याचे. १९८९ साली त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली, जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं सरकारचे उंबरे झिजवले, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर सरकारला वटहुकूम सुचला. त्या कायद्यात कशाकशाला हात लावायचा नाही याचीही नोंद आहे. तिथे वास्तुशास्त्राचा सल्ला आहे, जोशी-ज्योतिषी आहेत, नंदीबैलवाले आहेत आणि जमिनीतलं पाणी दाखवणारे पाणाडेही आहेत. थोडक्यात, बोअर कुठे मारायची आणि कासव कुठे ठेवायचं, या दोन्ही प्रश्नांवर महाराष्ट्रात निर्धास्त बोलता येतं.

*

आधी शोकेसमधल्या बुद्धाचं बघू. पोट सुटलेला, खदाखदा हसणारा हा गृहस्थ गौतम बुद्ध नव्हे. तो दहाव्या शतकातला बुदाई नावाचा चिनी भिक्षू. खांद्यावर कापडी झोळी टाकून गावोगाव हिंडायचा. जे काही होतं ते त्या झोळीत. घर नाही, कपाट नाही, ईएमआय नाही. एका झोळीपलीकडे ज्याच्याकडे सामान नव्हतं, त्याची मूर्ती आपण आधीच गच्च भरलेल्या शोकेसमध्ये आणखी एक वस्तू म्हणून कोंबतो, आणि तीही संपत्ती वाढावी म्हणून. त्यात आपल्याकडे असं सांगतात की लाफिंग बुद्धा स्वतः विकत घ्यायचा नसतो, कुणीतरी भेट द्यावा लागतो. मग वहिनी तुळशीबागेतून घेतात आणि साहेबांना भेट देतात. पैसे साहेबांचेच. तो हसतो ते उगाच नाही.

जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले जवान शहीद झाले. २९ जूनला केंद्र सरकारनं ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली. सोसायट्यांच्या ग्रुपवर चिनी मालावर बहिष्काराच्या शपथा झाल्या, फोनमधली अ‍ॅप उडाली. लाल फितीत बांधलेली तीन नाणी, तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक आणि हा हसरा भिक्षू यांना मात्र कुणी हात लावला नाही. देशभक्ती दिवाणखान्यापर्यंत ठीक, तिजोरीच्या कोपऱ्यात तिचं काय काम?

बेडकाचंच म्हणाल तर वळवाचे दोन पाऊस होऊन जून लागला की रात्री कामथडीच्या कुठल्याही खाचराजवळ उभं राहावं. चार पायांचे, जिवंत, फुकट आणि रात्रभर कामावर. भातावरचे किडे ते खातात. आपण त्यांच्या तंगड्या परदेशी ताटांसाठी पाठवत होतो, १९८७ साली ती निर्यात सरकारनं बंद केली. तर या बेडकांबद्दल बंगलेवाल्यांची कायमची तक्रार असते. “मामा, हे ओरडणं रात्री फार होतं हो, झोप लागत नाही. काही फवारता येईल का?” मामा राखणदार. ते ‘बघतो साहेब’ म्हणतात आणि बघत नाहीत. भोर तालुक्यातलं बरंचसं पर्यावरण या ‘बघतो’वर टिकून आहे. आत तिजोरीपाशी चिनी मातीचा बेडूक आवाज न करता पैसा आणतोच आहे.

लकी बांबूची गोष्ट त्याहून मजेची. तो बांबू नाहीच. मध्य आफ्रिकेतलं ड्रॅसिना जातीचं झाड आहे ते, आपल्या शतावरीच्या कुळातलं. काचेच्या भांड्यात, रंगीत गोट्यांत, गुदमरत जगतं. खरा बांबू भोर-वेल्ह्याच्या बांधांवर बेटाबेटानं उभा असतो. त्याच्यापासून सूप होतं, पाटी होते, कणगी होते, मांडवाची मेढ होते. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू ‘झाड’ या व्याख्येत बसवलेला होता. स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून गाडीत घालायचा तर शेतकऱ्यानं वनखात्याला भ्यायचं. वनाबाहेरच्या बांबूला त्या व्याख्येतून बाहेर यायला नोव्हेंबर २०१७ चा वटहुकूम लागला, म्हणजे नव्वद वर्षं. एवढ्या काळात आफ्रिकेचं झाड बांबूच्या नावावर बिनपरवाना शोकेसमध्ये जाऊन बसलं. नशीब कुणाचं लकी, ते कळतंच.

विंड चाइम कुठल्या दिशेला टांगावी, यावर दोन सल्लागारांचं एकमत मी अजून ऐकलेलं नाही. परदेशी घंटा ऐकायचीच असेल तर नसरापूरला बनेश्वरात जावं. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ च्या सुमारास बांधलेलं हे शिवमंदिर. तिथली मोठी घंटा पोर्तुगीज चर्चची, वसईच्या मोहिमेनंतर आलेली. तिच्यावर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे. महादेवानं ती दिशा न विचारता टांगून घेतली. भोवती राई आहे, कुंड आहे, सावली आहे. रविवारी मात्र वेफर्सची पाकिटंही आहेत, कारण शांतता शोधायला आलेल्या माणसाला भूक लागते.

आता दिशा. चीनमध्ये उत्तम घर कोणतं, तर ज्याची पाठ उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला आहे ते. कारण साधं आहे. तिकडे उत्तरेकडून हाडं गोठवणारा वारा येतो आणि दक्षिणेकडून ऊन. आपल्याकडे दक्षिण म्हणजे यमाची दिशा. दक्षिणमुखी फ्लॅट बिल्डरलाही स्वस्तात काढावा लागतो. मग वास्तूही मानणाऱ्या आणि फेंगशुईही मानणाऱ्या माणसानं काय करायचं? एकाच दारातून एका शास्त्रानं यम आत सोडलाय आणि दुसऱ्यानं लक्ष्मी. यावर मी पाहिलेला तोडगा असा : दार दक्षिणेलाच, चौकटीवर पंचमुखी मारुती आणि दाराच्या आत समोर लाफिंग बुद्धा. मारुतीनं यमाला अडवायचं, बुद्धानं पाहुण्यांना हसवायचं. वेल्ह्याच्या खेड्यांत जुनं घर बांधताना माणसं यमाआधी पावसाचं तोंड बघत. झड पश्चिमेकडून येते, म्हणून तिकडची भिंत आंधळी ठेवायची, वैशाखात कुडाच्या झापा बांधायच्या, गोठा घराला लागून घ्यायचा म्हणजे जनावरांची ऊब आत राहते. चिनी शेतकऱ्यानंही नेमकं हेच केलं होतं, त्याचा वारा निराळा एवढंच. आपण त्याचा वारा आयात केला.

हवा शुद्ध करणाऱ्या झाडांचं खूळ तर आता ग्रामपंचायतीच्या हद्दीतही पोचलंय. १९८९ साली अमेरिकेच्या नासानं बंद पेटीत कुंड्या ठेवून प्रयोग केला होता, त्यावर जगभरच्या नर्सऱ्या अजून जगताहेत. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा हिशेब पुन्हा मांडला गेला. नुसती खिडकी उघडल्यावर घरातली हवा जेवढी बदलते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील असं निघालं. हजार कुंड्या ठेवल्यावर माणसानं बसायचं कुठे, हे त्या शोधनिबंधात नाही. कामथडीत खिडकी उघडायला हरकत नव्हती. पण सहा पदरी रस्त्याची धूळ आत येते म्हणून ती बंद, आत एसी, आणि एसीखाली स्नेक प्लँट. तो प्लॅस्टिकच्या कुंडीत.

*

ओढ्याच्या तोंडाशी एक बंगला आहे. भाताचं खाचर होतं तिथे. खाचर म्हणजे नुसतं शेत नव्हे. डोंगरावरून धावत येणारं पाणी बांधाबांधाशी थांबवत, मुरवत, उरलेलं हळूच खालच्या खाचरात सोडत नेणारी ती पायऱ्यांची रचना. इथे मुरमाचे ट्रक ओतून भर घातली, बांध मोडले, वर पेव्हिंग ब्लॉक बसवले. पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. दुसऱ्या जुलैत हॉलमध्ये घोटाभर पाणी.

साहेबांनी फेंगशुईवाल्यांना फोन लावला. ते म्हणाले, जलतत्त्वाचं संतुलन बिघडलंय. निदान अचूक होतं, नाही म्हणता येणार नाही. उपाय सांगितला तो असा : उत्तरेला धातूचं कासव ठेवा, काचेच्या वाडग्यात, पाणी घालून. घरात पाणी आलं म्हणून घरात आणखी पाणी ठेवायचं.

खालच्या खाचरात लावणी चालली होती. एक म्हातारबाबा डोक्यावरचं प्लॅस्टिक सावरत बांधावर आले.

“साहेब, पान्याची वाट हाय ती. माझ्या आज्ज्यापासनं हितनंच जातंय पानी.”

“मग बाबा, तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलंत कवा? तुमी तर मोबाइलवर बगून घेतली जागा.”

बाबांनी फी मागितली नव्हती, त्यामुळे त्यांचा सल्ला कुणी मनावर घेतला नाही. कासव आलं. तिसऱ्या जुलैत ते वाडग्याबाहेर पाण्यात होतं, एवढी सुधारणा झाली.

फेंगशुईत आणखी एक नियम आहे. पाणी घराच्या दिशेनं वाहत आलं की पैसा येतो, घरापासून लांब वाहत गेलं की पैसा जातो. मी या शास्त्राची पुष्कळ टिंगल केली, पण हा नियम भोर तालुक्यात तंतोतंत लागू पडतो. वेळवंडीवर भाटघरचं धरण ब्रिटिशांच्या काळापासून उभं आहे. पाऊस भोरच्या डोंगरात पडतो, जमिनी भोरच्या बुडाल्या, आणि पाणी नीरेच्या डाव्या कालव्यानं बारामती-इंदापूरकडे अन् उजव्यानं फलटण-माळशिरसकडे जातं. उसाचे मळे कुठे आहेत आणि साखर कारखाने कुठे आहेत, ते नकाशात बघा. पाण्याच्या दिशेचा परिणाम समजायला सल्लागार लागत नाही. त्यावर कासवाचा उतारा चालला असता तर भोरनं धरणाच्या भिंतीवर कासवांची रांग लावली असती.

*

आता आवराआवरी. जपानच्या मारी कोंडो यांचं पुस्तक २०११ मध्ये आलं, जानेवारी २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली आणि कोथरूड-बाणेरच्या कपाटांना धडकी भरली. पद्धत अशी की वस्तू हातात घ्यायची आणि आनंद होतो का ते स्वतःला विचारायचं. होत नसेल तर वस्तूचे आभार मानून तिला निरोप द्यायचा. २०२३ मध्ये खुद्द कोंडोबाईंनी सांगून टाकलं की तिसऱ्या मुलानंतर आपण आवराआवरीचा नाद बराचसा सोडला. आपल्याकडच्या आयांना हे पहिल्याच मुलानंतर कळतं, पण त्यांच्यावर मालिका निघत नाही.

माझा प्रश्न निरोपानंतरचा आहे. निरोप दिलेली वस्तू जाते कुठे? पुण्यापुरतं उत्तर वर्षानुवर्षं ठरलेलं होतं : उरुळी देवाची आणि फुरसुंगी. तिथल्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आंदोलनं केली, विहिरी नासल्याचं ओरडून सांगितलं. शहराच्या कपाटात मोकळी जागा झाली की त्यांच्या गावात डोंगर वाढायचा. आता सुखवस्तू पुणेकरांना आणखी एक उत्तर सापडलंय, सेकंड होम. “टाकायचं कशाला? गावाकडच्या घराला चालेल की!” या एका वाक्यावर कामथडीच्या बंगल्यात जुना सोफा येतो, बसका झालेला बेड येतो, बंद पडलेला ओव्हन येतो, आणि टॉवेल वाळत घालायची ट्रेडमिल येते. शहरातला फ्लॅट प्रसन्न दिसतो. त्याचा फोटो स्टेटसला जातो.

दोन वर्षांत बंगलाही भरतो. मग मॅडम येतात, सगळं हॉलच्या मध्यभागी काढायला लावतात आणि डाळी-कडधान्यांसाठी एकसारखे पारदर्शक डबे मागवतात. प्लॅस्टिकचे. प्रत्येक डबा वेगळ्या खोक्यात, खोक्यात फुग्यांचा कागद, वर चिकटपट्टी. पन्नास ग्रॅम मेथीदाण्यांना स्वतःचा डबा आणि स्वतःची चिठ्ठी मिळते. हे झालं ‘ग्रीन होम’. आणि सोफा? “मावशी, तुम्हाला हवा तर घेऊन जा.” मावशींच्या दोन खोल्यांत तो मावणार नसतो, पण कामावरच्या वहिनींना नाही म्हणता येत नाही. सोफा मावशींच्या अंगणात एक पावसाळा भिजतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा फोम ओढ्यात. जुलैत ओढा तुंबतो, पाणी फिरतं, आणि बंगल्याच्या हॉलमध्ये येतं. जलतत्त्व.

मराठी घराला आवरणं कुणी शिकवायची गरज नव्हती. आश्विन अमावस्येला लक्ष्मीपूजनात नव्या केरसुणीला हळदकुंकू लागतं. शिंदीच्या पानांची ती केरसुणी मातंग समाजातले कारागीर वळतात आणि दिवाळीच्या बाजारात विकतात. त्या रात्री बायका सूप वाजवत घर झाडून अलक्ष्मीला बाहेर काढतात. वर्षाकाठी एकदा, वाजतगाजत, घरातलं नको ते बाहेर. जुन्या लुगड्यांची गोधडी व्हायची, उरलेलं बोहारणीकडे जाऊन त्याचं पातेलं व्हायचं. कपडे वळणीवर, दूध शिंक्यावर, धान्य कणगीत, बाकी सगळं उतरंडीत. शेण-केर उकिरड्यावर, उकिरडा उन्हाळ्यात खाचरात. न्हाणीचं पाणी परसातल्या केळीला.

हे लिहिताना गळा दाटून येणाऱ्यांपैकी मी नाही. ज्यांना त्या घराची फार आठवण येते, ते बहुतेक पुरुष असतात आणि त्यांनी जमीन कधी सारवलेली नसते. शेणात हात घालून, उकिडवं बसून, माजघरापासून ओट्यापर्यंत मागे सरकत जायचं, ते आठवड्यातून एकदा. डोळे चुलीच्या धुरानं लाल. पाणी डोक्यावरून. एका आज्जींना मी विचारलं, जुन्या घरात शांत वाटायचं का हो? त्या म्हणाल्या, “ग्यास आला तवा शांती मिळाली बग.” त्यामुळे ‘आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं’ असला फॉरवर्ड मला पाठवू नका. पूर्वजांना एवढंच माहीत होतं की केराला पोचायचं ठिकाण लागतं, आणि ते ठिकाण आपल्याच शेतात होतं. दुसऱ्याच्या गावात नव्हतं.

याचा राजकीय दाखलाही आहे, आणि तो कामथडीहून फार लांबचा नाही. रामचंद्रपंत अमात्य आणि भोर संस्थानाचे मूळपुरुष शंकराजी नारायण सचिव हे एका काळातले. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा या दोघांनी इकडचं राज्य सांभाळलं. पुढे अमात्यांनी आज्ञापत्रात गडकोटांची व्यवस्था लिहिली. त्यात तोफा आहेत, तट आहेत, आणि केरही आहे. गडाच्या वाटांवर, बाजारात, तटावर कचरा पडू द्यायचा नाही. झाडलेला केर गडाखाली लोटून द्यायचा नाही. तो जागच्या जागी जाळायचा, राख परसात घालायची आणि तिच्यावर घरोघरी भाजीपाला करायचा. राजगड-तोरण्यासारख्या गडावरून कचरा खाली लोटणं किती सोपं होतं, ते गड चढलेल्याला सांगायला नको. खाली दरी, कोण बघतंय? तरी अमात्यांनी मनाई लिहिली. अर्थात त्या केरात प्लॅस्टिक नव्हतं, म्हणून जाळण्याचा भाग आज उचलू नका. पण गडाखाली कुणीतरी राहतं, हे तीनशे वर्षांपूर्वी राज्यकर्त्याच्या डोक्यात होतं. शनिवारी-रविवारी राजगडावर जाणाऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या अजून दरीत सापडतात.

आणि आता ज्या फेंगशुईची मी इतका वेळ टर उडवतोय तिचीच बाजू घेतो. दक्षिण चीनमध्ये आणि हाँगकाँगच्या जुन्या खेड्यांत गावामागच्या उतारावर झाडीचा एक पट्टा राखलेला असतो. फेंगशुईचं रान म्हणतात त्याला. गावानं ठरवलेलं, की इथली झाडं तोडायची नाहीत, नाहीतर गावाचं नशीब फिरेल. त्या रानानं दरड थोपवली, वारा अडवला, झरे जिवंत ठेवले. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी या पट्ट्यांत जुनी झाडं शिल्लक राहिली. हाँगकाँगमध्ये तर सरकारी बांधकामानं गावाची फेंगशुई बिघडली असं ठरलं, तर शांतीविधीचा खर्च सरकार देतं. आपल्याकडे जमिनीचा मोबदला मिळवतानाच दोन पिढ्या जातात, तिथे शांतीचं कोण विचारतो.

तर हे रान ओळखीचं वाटतंय ना? भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत याला देवराई म्हणतात. काळूबाईची, वाघजाईची, भैरोबाची. वाळकी काडीसुद्धा घरी न्यायची नाही, देव कोपतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक १९७० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या देवराया हिंडले आणि १९७६ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जगभरच्या शास्त्रज्ञांना त्यामुळे कळलं की सह्याद्रीत गावोगाव असं रान राखलेलं आहे. पानशेतच्या बाजूला धरण झालं, रस्ते आले, डोंगरावरची झाडं कोळशाच्या भट्ट्यांत गेली. जिथे देव बसला होता तेवढे हिरवे ठिपके राहिले. कासव, नाणी, बेडूक, घंटा हे सगळं दुकानात आलं. रान मात्र आलं नाही, कारण ते एकट्याच्या नावावर करता येत नाही आणि त्याचा बारकोड निघत नाही. चीनमधून आपण नेमका तेवढाच भाग सोडून बाकी सगळं मागवलं.

यात दोष फक्त पुणेकरांचा नाही. देवराईत देवाला प्रशस्त वाटावं म्हणून झाडं काढून सिमेंटचा सभामंडप उभारणारे गावचेच असतात. देणगीदारांच्या नावांची फरशी बसते, जुना अंजन जातो. आणि ज्या बाबांच्या आज्ज्यापासून पाण्याची वाट ठाऊक होती, त्यांच्याच घरातल्या कुणीतरी ते खाचर गुंठ्यागुंठ्यानं विकलेलं असतं. भातातून काय सुटतं ते विचारल्यावर विकणाऱ्याला बोल लावणं मला जमत नाही. पण मग पाटीवर ‘निसर्गाच्या कुशीत’ लिहू नये. ‘निसर्गाच्या जागेवर’ लिहावं, म्हणजे महारेराकडे तक्रार होणार नाही.

फेंगशुईवाले आणि आवराआवरीवाल्या मॅडम यांचं एकमेकांशी पटत नसलं तरी दोघांची हद्द एकच आहे, कंपाउंडची भिंत. ऊर्जा भिंतीच्या आत अडवायची, अडगळ भिंतीच्या बाहेर ढकलायची. ओढा भिंतीबाहेर, मावशींचं अंगण भिंतीबाहेर, देवराई तर दोन डोंगर पलीकडे. या भिंतीच्या आत हिरवं आणि शांत असं जे काही उभं राहतं त्याला माझ्या मते लॉन म्हणतात, आणि त्याला उन्हाळ्यात टँकर लागतो.

कामथडीत किंवा आसपास ज्यांचं घर आहे त्यांना काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवतो. ओल्या कचऱ्याला परसात खड्डा घ्या, त्याला कुठलीही दिशा चालते. खाचरावर भर घालण्याआधी शेजारच्या बाबांना पाण्याची वाट विचारा. सोफा द्यायचाच असेल तर चांगला असताना द्या. आणि सल्लागाराची फी तुम्ही आगाऊ भरता, तशी ग्रामपंचायतीची घरपट्टीही ३१ मार्चच्या आत भरत जा. बंगलेवाल्यांची थकबाकी हा इकडच्या पंचायतींचा जुना दुखरा विषय आहे, आणि कचऱ्याच्या घंटागाडीत डिझेल त्याच पैशातून पडतं.